एआयने इंग्रजी सुधारलं, पण दावा तोच राहिला का?

शोधनिबंधात 'असोसिएटेड विथ' असं लिहिलेलं असतं. एआयकडून इंग्रजी सुधारून घेतलं की तिथे कधी कधी 'लीड्स टू' येतं. वाक्य घोटीव झालं, पण 'दोन गोष्टी एकत्र आढळल्या' एवढंच सांगणारं विधान आता 'एकीमुळे दुसरी घडते' असं म्हणू लागलं. एका वेळच्या सर्वेक्षणावरून एवढा दावा करता येत नाही आणि लेख छापण्याआधी तपासणारा परीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतो.

चॅटजीपीटीसारखं भाषा-प्रारूप मुद्रितशोधकासारखं चुकीच्या शब्दापुरती खूण करत नाही. पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त, या हिशेबाने ते अख्खा परिच्छेद नव्याने रचतं. म्हणून हात लावायला न सांगितलेला शब्दही बदलतो. 'मे' (असू शकतं), 'सजेस्ट' (सूचित करतं) हे सावध शब्द गळतात. पुनरुक्ती टाळण्याच्या नादात संज्ञा बदलतात, हे तर अधिक घातक. 'इन्सिडन्स' म्हणजे ठरावीक काळातले नवे रुग्ण, 'प्रिव्हॅलन्स' म्हणजे त्या वेळचे एकूण रुग्ण. ही अदलाबदल झाली की खालचा तक्ता आणि वरचं वाक्य जुळत नाही.

हे टाळण्यासाठी एआयला एका वेळी एकच परिच्छेद द्यावा, साधारण 150 ते 200 शब्दांचा. मोठा मजकूर दिला तर वाक्यं गाळली जाण्याचा धोका वाढतो. सूचना नेमकी हवी: 'फक्त व्याकरण आणि विरामचिन्हं सुधार, अर्थ, आकडे, संज्ञा, संदर्भक्रमांक बदलू नकोस.' केलेल्या बदलांची यादी मागता येते, पण ती अपुरी असू शकते. त्यापेक्षा मूळ आणि सुधारित अशा दोन फायली वर्डमधल्या 'रिव्ह्यू' टॅबखालच्या 'कम्पेअर'ने ताडून पाहाव्यात; बदललेला प्रत्येक शब्द रंगीत दिसतो. मग एकेक बदल स्वीकारायचा किंवा नाकारायचा. आकडे व एकके, 'नॉट'सारखे नकार, सावध शब्द आणि संज्ञा यांवर नजर हवीच. नवे संदर्भ मात्र चॅटजीपीटीसारख्या प्रारूपाकडून मागू नयेत. खरे वाटणारे, पण अस्तित्वातच नसलेले लेख ते सहज देतं.

यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) वाङ्मयचौर्याविषयीच्या 2018च्या नियमांनुसार इतरांच्या लेखनाशी 10 टक्क्यांपर्यंतच्या साधर्म्याला दंड नाही, म्हणून दुसऱ्याचा मजकूर एआयकडून फिरवून घेऊन टक्का खाली आणला जातो. ते संपादन नव्हे, चोरीच आहे. शब्द बदलले तरी कल्पना मूळ लेखकाचीच राहते.

रुग्णांची ओळख पटेल अशी माहिती आणि परीक्षणासाठी आलेलं दुसऱ्याचं हस्तलिखित सार्वजनिक एआय साधनात टाकू नये. अमेरिकेच्या एनआयएच या सरकारी वैद्यकीय संशोधन संस्थेने जून 2023मध्ये संशोधन-अनुदानाचे अर्ज तपासणाऱ्या परीक्षकांना परीक्षणासाठी अशी साधनं वापरायला स्पष्ट मनाईच केली.

भाषासुधारणा जाहीर करायची का, याबाबत नियतकालिकांचे नियम वेगवेगळे आहेत. स्प्रिंगर नेचर निव्वळ भाषिक संपादनाचा उल्लेख मागत नाही; इतर प्रकाशकांचे नियम लेख पाठवण्याआधी वाचावेत. निवेदन द्यायचं असेल तर साधनाचं नाव, आवृत्ती, कोणत्या विभागात आणि कशासाठी वापरलं एवढं पुरतं. मूळ मसुदा आणि 'कम्पेअर'ची फाइल जपून ठेवावी; शंका घेतली गेली तर दाखवायला तीच कामी येते.