ॲबरलेम्नोचे दोन दगड: एक सापाचा, एक लढाईचा

स्कॉटलंडच्या पूर्वेकडे, अँगसमध्ये, फॉर्फर आणि ब्रेकिनच्या मधे ॲबरलेम्नो नावाचं लहानसं गाव आहे. पिक्ट म्हणजे मध्ययुगाच्या सुरुवातीला स्कॉटलंडच्या पूर्व आणि उत्तर भागात राहणारे लोक. त्यांचे कोरीव दगड पाहायचे तर इथेच जावं. पण गावात असे दगड एकाहून जास्त असल्यामुळे फोटो एकाचा आणि माहिती दुसऱ्याची, अशी गल्लत सहज होते.

रस्त्याकडेचा सापाचा दगड जुना. त्याला घडवून चौकोनी केलेलं नाही. जसा मिळाला तसाच उभा केलाय. वर साप, त्याखाली जोडलेल्या दोन चकत्या आणि त्यांना छेदणारी नागमोडी काठी, तळाला आरसा आणि कंगवा. सगळं नुसत्या खोदलेल्या रेषांत. क्रूस कुठेच नाही. मागच्या बाजूला वाटीसारखे खळगे आहेत, ते पिक्टांच्याही खूप आधीचे, प्रागैतिहासिक. म्हणजे पिक्टांनी आधीच कुणीतरी कोरलेला दगड निवडला!

चर्चच्या आवारातला दगड मात्र नीट तासलेली शिळा आहे. पुढे उठावात कोरलेला क्रूस, दोन्ही बाजूंना एकमेकांत गुंतलेले प्राणी. मागे वरच्या भागात पिक्टांची चिन्हं आहेतच, आणि त्याखाली लढाई. मधल्या ओळीतले पायदळाचे सैनिक पाहा: पुढचा ढाल-तलवार घेऊन, त्याच्या पाठचा लांब भाला पुढे काढून, तिसरा मागे तयारीत, आणि समोर घोडेस्वार. घोडदळ कसं अडवायचं, याचा इतका स्पष्ट देखावा त्या काळातला क्वचितच मिळतो. खाली उजवीकडे पडलेल्या योद्ध्याला पक्षी टोचतोय.

काही योद्ध्यांच्या डोक्यावर नाक झाकणारी शिरस्त्राणं आहेत. यॉर्कमध्ये 1982 साली सापडलेलं शिरस्त्राण याच घडणीचं, म्हणून हे नॉर्थंब्रियाचे, म्हणजे दक्षिणेकडच्या शेजारी अँग्लो-सॅक्सन राज्याचे, सैनिक मानले जातात. त्यावरूनच ही 685 सालची लढाई ठरवतात, ज्यात पिक्टांचा राजा ब्रिडेइ याने नॉर्थंब्रियाचा राजा एकफ्रिथ याला मारलं. मला हे छातीठोकपणे म्हणवत नाही. कोरीवकामाची शैली त्या लढाईनंतरची वाटते, आणि लढाई जवळच्या डनिकनला झाली की दूर उत्तरेत, यावरही वाद आहे.

आता एक खबरदारी. ‘क्रूस दिसला, म्हणजे चर्चचा दगड’ एवढ्यावर जाऊ नका. रस्त्याकडेलाच, सापाच्या दगडापासून थोड्या अंतरावर, क्रूस कोरलेली आणखी एक उंच शिळा आहे. तिच्या मागे शिकार आहे, लढाई नव्हे. आणि हिवाळ्यात गेलात तर हे दगड लाकडी पेट्यांत झाकलेले असतात, तेव्हा उन्हाळ्यातच जा.