शिन्कान्सेनच्या खिडकीतून जपान : पार्श्वभूमी

कोकण रेल्वेने पहिल्यांदाच येणारा पाहुणा समुद्र दिसेल या आशेने खिडकीची जागा धरतो आणि रोहा मागे पडल्यावर बोगद्यांमागून बोगदे मोजू लागतो. करबुड्याचा साडेसहा किलोमीटरचा बोगदा संपून रत्नागिरी येईपर्यंत त्याला कळून चुकलेले असते की ही गाडी किनाऱ्यापासून बरीच आतून धावते. चिपळूण-कुडाळकडून जपान पाहायला निघणाऱ्यांनी हा अनुभव गाठीशी ठेवावा, कारण शिन्कान्सेन, म्हणजे जपानची बुलेट ट्रेनही देखावे दाखवण्यासाठी बांधलेली नाही.

जपानमध्ये १८७२ साली रेल्वे आली ती १,०६७ मिलिमीटरच्या अरुंद गेजवर (गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर). टोकियो आणि ओसाका यांना जोडणारा तोकाइदो मार्ग १९५०च्या दशकात प्रवासी आणि मालगाड्यांनी इतका तुंबला होता की आणखी गाड्या सोडायला जागाच उरली नव्हती. तेव्हा राष्ट्रीय रेल्वेचे अध्यक्ष सोगो शिंजी आणि मुख्य अभियंता शिमा हिदेओ यांनी जुना मार्ग रुंद करण्याऐवजी १,४३५ मिलिमीटर गेजचा, एकही फाटक नसलेला, फक्त वेगवान गाड्यांसाठीचा स्वतंत्र मार्ग बांधण्याचा आग्रह धरला. जागतिक बँकेने ८ कोटी डॉलरचे कर्ज दिले, तरी खर्च अंदाजाबाहेर गेला आणि दोघांनाही १९६३ साली पद सोडावे लागले. १ ऑक्टोबर १९६४ रोजी, ऑलिंपिकच्या नऊ दिवस आधी, पहिली गाडी सुटली. पूर्वी साडेसहा तास घेणारा प्रवास ताशी २१० किलोमीटर वेगामुळे चार तासांवर आला आणि वर्षभरात तीन तास दहा मिनिटांवर.

पुढे १९७५पर्यंत हा मार्ग ओसाकाहून पश्चिमेकडच्या हाकाताला (फुकुओका शहराचे स्थानक) पोहोचला. या सान्यो भागाचा जवळपास निम्मा मार्ग बोगद्यांतून जातो, त्यामुळे शेजारीच असलेला सेतो समुद्र प्रवाशाला क्वचितच दिसतो. (कोकणी माणसाला इथे घरच्यासारखे वाटावे.) तोकाइदोवर मात्र हवा स्वच्छ असेल तर फुजी पर्वत दिसतो, टोकियोहून क्योटोकडे जाताना त्यासाठी उजवीकडची खिडकी घ्यावी लागते.

परदेशी पर्यटकाच्या हाती ही गाडी खऱ्या अर्थाने आली ती १९८१ सालच्या जपान रेल पासमुळे. ठरावीक दिवस हवा तितका प्रवास करण्याची मुभा मिळाल्याने सकाळी हिरोशिमा पाहून रात्री क्योटोला मुक्काम करणे खिशाला परवडू लागले. १९८७ साली राष्ट्रीय रेल्वेचे खासगीकरण होऊन प्रवासी वाहतूक सहा कंपन्यांत वाटली गेली, तरी पास सर्वांचा सामाईक राहिला. ऑक्टोबर २०२३मध्ये मात्र सात दिवसांच्या साध्या पासाची किंमत २९,६५० येनवरून ५०,००० येन झाली. टोकियो-क्योटो जाण्यायेण्याचे भाडे साधारण २८,००० येन पडते. म्हणून एवढाच फेरा असेल तर पास घेणे आता तोट्याचे आहे, मग प्रवासी कंपनीचा माणूस काहीही सांगो.

शिन्कान्सेनचेच तंत्रज्ञान मुंबई-अहमदाबाद या ५०८ किलोमीटरच्या मार्गाने उत्तर कोकणात येत असून ठाणे, विरार आणि बोईसर येथे स्थानके ठरली आहेत. गेज इथेही १,४३५ मिलिमीटरचे आहे, म्हणजे १,६७६ मिलिमीटरच्या कोकण रेल्वेवर ही गाडी उतरू शकणार नाही. शिवाय मुंबईकडच्या २१ किलोमीटरच्या बोगद्यातील सुमारे सात किलोमीटरचा भाग ठाण्याच्या खाडीखालून जातो, त्यामुळे खाडी ओलांडली जाईल, पण खिडकीतून दिसणार नाही.