कोबीचं बी फक्त थंड डोंगरातच? पूर्ण खरं नाही

‘गरम हवेत कोबीचं बी धरतच नाही’ हे वाक्य इतकी वर्षं फिरतंय की कुणी तपासायच्या भानगडीत पडत नाही. बहुतेक जातींपुरतं ते खरंही आहे. फुलावर येण्यासाठी कोबीला साधारण ४ ते १० अंश तापमानात कित्येक आठवडे काढावे लागतात. मात्र ही थंडीची गरज सगळ्या जातींत सारखी नसते आणि ती आनुवंशिक असते, म्हणजे निवडीने कमी करता येते. ‘पुसा अगेती’ ही अशीच जात, मैदानी भागातही बी देणारी.

थंडीच्या या गरजेवरचा घरगुती तोडगा म्हणजे बी फ्रीजमध्ये ठेवणे. तो वाया जातो, कारण कोबीचं बी थंडी मोजत नाही. खोड पेन्सिलीएवढं जाड झालेलं रोपच मोजतं.

खरी गोम निवडीत आहे. सर्वांत आधी फुललेल्या झाडाचं बी धरण्याचा मोह होतो. पण ते गड्डा न धरताच फुलाच्या दांड्यावर आलेलं असेल, तर पुढच्या पिढ्यांत भाजीच मिळणार नाही. आधी घट्ट गड्डा आणि मग थोड्याशा थंडीवर फुलणं, दोन्ही गुण असलेलीच झाडं ठेवायची. गड्ड्याच्या माथ्यावर अधिक चिन्हासारखी उथळ चीर दिली, की आतला दांडा सहज बाहेर येतो. चीर खोल गेली तर शेंडाच कापला जातो.

एकट्या झाडाला सहसा बी धरत नाही, स्वतःचा पराग ते नाकारतं. जवळ फुलकोबी किंवा नवलकोल फुललेला असेल तर संकर होणारच. आणि फुलोऱ्यात कडक ऊन लागलं, तर शेंगा पोकळ राहतात.