लेहला काय न्यायचं, डिंकाचे लाडू की बेदाणे? या वादाची पार्श्वभूमी

सप्टेंबरच्या लेह मॅरेथॉनला निघालेल्या पोरापोरींची बॅग भरायला लागली की आपल्या साताऱ्यात घरोघरी एकच वाद निघतो. आई-आजी म्हणतात डिंकाचे लाडू ने, तूप ने, तिकडं ताकदीचं खाणं पाहिजे. आणि आधी जाऊन आलेले म्हणतात तासगावचे बेदाणे, गूळ आणि पोहे घ्या, बाकीचं घशाखाली उतरत नाही. वाद घरगुती वाटतो पण हिमालयाच्या मोहिमांमध्ये याच मुद्द्यावर कित्येक वर्षं घासाघीस झालीय.

आधी एक गोष्ट, कारण दरवर्षी कोणीतरी म्हणतंच की आपला यवतेश्वरचा घाट रोज चढतो, आपल्याला लेहचं काय. घाट चढणं वेगळं आणि विरळ हवेत पळणं वेगळं. सातारा शहर 700 मीटरच्या आसपास, कासचं पठार साधारण 1200, महाबळेश्वर 1370 च्या आसपास, आणि दम कमी पडायला खरी सुरुवात होते ती 1500 मीटरच्या वर. लेह 3500 मीटरवर, तिथं हवेचा दाब समुद्रकाठच्या साधारण 65 टक्केच उरतो. घाटानं पाय तयार होतात, फुप्फुसं तयार होतात, पण ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवायला ती उंची पुरत नाही.

आता मुख्य मुद्दा, "ताकदीचं खाणं". आपल्याकडं या शब्दाचा अर्थ तूप, डिंक, खोबरं, मटण. जुन्या मोहिमांचा हिशोबही तोच होता, कारण चरबीच्या एका ग्रॅममध्ये 9 कॅलरी आणि साखर-भाताच्या ग्रॅममध्ये 4, म्हणजे पाठीवर ओझं न्यायचं असेल तर चरबीच परवडते. हिशोब चुकीचा नव्हता, फक्त तो पाठीचा हिशोब होता, फुप्फुसाचा नव्हता. शरीरानं एक लिटर ऑक्सिजन वापरून चरबी जाळली तर साधारण 4.7 कॅलरी सुटतात आणि साखर जाळली तर 5 च्या थोड्या वर. सात-आठ टक्क्यांचा फरक. साताऱ्यात पळताना हा फरक कोणाच्या लक्षातही येणार नाही, पण जिथं प्रत्येक श्वास मोजून मिळतो तिथं सात-आठ टक्के म्हणजे लय झालं. वर ताकद म्हणजे ऑक्सिजन पुरवून वापरणं, आणि त्या अर्थानं साधा गूळ-भातच ताकदीचा.

चढणाऱ्यांना हे आकड्यांच्या आधी जिभेनं कळलं होतं. 1953 मध्ये एव्हरेस्ट सर झालं तेव्हा शेवटच्या तंबूत हिलरी आणि तेनसिंग या दोघांनी साखर घातलेलं लिंबूपाणी प्यायलं, बिस्किटावर सार्डिन मासे, खजूर आणि डब्यातले जर्दाळू खाल्ले. त्याच मोहिमेत पाण्याचाही हिशोब बदलला होता. आदल्या वर्षीच्या स्विस मोहिमेत सगळ्यात वरच्या तंबूत स्टोव्ह नव्हता, मेणबत्तीवर थोडा बर्फ वितळवून घोटभर पाणी मिळालं. त्यावरून धडा घेऊन 1953 ला माणशी दिवसाला तीन लिटरच्या वर पाणी पोटात गेलं पाहिजे असा आग्रह धरला गेला, आणि त्यासाठी लागणारं इंधन वर चढवलं. कोरड्या थंड हवेत नुसत्या श्वासातून किती पाणी जातं याचा अंदाज खालच्या माणसाला येत नाही.

मग 1985 मध्ये एक मोठा प्रयोग झाला. माणसांना 40 दिवस बंद खोलीत ठेवून हवेचा दाब हळूहळू एव्हरेस्टच्या माथ्याइतका कमी केला. थंडी नाही, ओझं नाही, खायला हवं ते आणि हवं तेवढं. तरी सरासरी 7.4 किलो वजन उतरलं, आणि त्यातली चरबी जेमतेम अडीच किलो, बाकी बराचसा भाग स्नायूंचा. इथं बेदाणेवाल्यांच्या विरोधात जाणारी गोष्ट पण सांगितली पाहिजे, या लोकांनी वर गेल्यावर गोड-पिठूळ खाणं वाढवलं नाही, उलट त्याचा वाटा 62 वरून 53 टक्क्यांवर आला. म्हणून काही जण म्हणतात उंचीवर गोडाची ओढ वगैरे काही नसते. मला ते पटत नाही. ओढ असो नसो, ऑक्सिजनच्या लिटरमागचा हिशोब तोच राहतो, त्यामुळं भूक मेली असताना ठरवून कार्बोहायड्रेट खायला लागतं एवढंच त्यातून निघतं.

खेळाच्या बाजूनं हे सगळं 1968 च्या मेक्सिको सिटी ऑलिम्पिकमुळं पुढं आलं. 2240 मीटरवर विरळ हवेचा अडथळा कमी, म्हणून लांब उडीत 8.90 मीटरच्या विक्रमाला मदत झाली, पण ऑक्सिजनही कमी, म्हणून 10,000 मीटरची शर्यत 29 मिनिटं 27 सेकंदांत जिंकली गेली, तेव्हाच्या विश्वविक्रमापेक्षा पावणेदोन मिनिटांहून जास्त हळू. (उटीची उंचीही जवळपास तेवढीच, आपल्या देशातल्या लांब पल्ल्याच्या धावपटूंची शिबिरं तिथं भरतात ती विरळ हवेची सवय व्हावी म्हणून.) 1997 मध्ये 39 धावपटूंवर अभ्यास झाला, 2500 मीटरवर राहायचं आणि 1250 वर उतरून पळायचं, तसं करणाऱ्यांचा 5000 मीटरचा वेळ 13 सेकंदांनी सुधारला. पण त्याच दशकात हेही कळलं की शरीरात लोहाचा साठा कमी असेल तर वर राहूनही तांबड्या पेशी वाढत नाहीत. आपल्याकडच्या मुलींच्या बाबतीत हे फार महत्त्वाचं आहे आणि त्यावर कोणी बोलत नाही. तिकिटाच्या आधी फेरिटिनची, म्हणजे लोहाचा साठा दाखवणारी, रक्ताची टेस्ट करा, जेवणावर लगेच चहा पिऊ नका, त्यानं लोह अंगी लागत नाही.

गावातल्या फौजी लोकांना यातलं बरंच आधीपासून माहीत आहे. 1962 च्या युद्धात जवानांना घाईनं वर न्यावं लागलं, त्यानंतर आजारी पडलेल्या जवानांचा अभ्यास झाला आणि पुढं टप्पे ठरले, 2700 ते 3600 मीटरपर्यंत सहा दिवस, त्यावर प्रत्येक टप्प्याला चार-चार दिवस. लेह पहिल्याच टप्प्यात येतं, म्हणजे सहा दिवस. आपली पोरं रजा मिळत नाही म्हणून तीन दिवस आधी पोचतात.

मी गेलो तेव्हा दुसऱ्या दिवशी संध्याकाळी लाडवाचा डबा उघडला आणि तुपाच्या वासानंच मळमळलं. खोलीवर डाळ उघड्या पातेल्यात दीड तास उकळत होती तरी कचकच लागत होती, कारण तिथं पाणी 88 अंशांनाच उकळतं. शेवटी कुकर मागून आणला, चार शिट्ट्या जास्त केल्या, मऊ खिचडी झाली, त्यात गुळाचा खडा टाकून खाल्ली. शर्यतीच्या दिवशी खिशात बेदाण्याची पुडी होती, दर दोन किलोमीटरला चार-पाच दाणे. लाडू परतीच्या प्रवासात चंदीगडला उतरल्यावर संपले.