काटापट्टी आयात (धान्य व्यापार)

भुईकाट्यावर, म्हणजे गाडीसकट तोलणाऱ्या काट्यावर, वजन झालेल्या धान्याच्या गाड्यांचा काटापट्टीवरचा (वजनाच्या पावतीवरचा) तपशील हाताने पुन्हा न भरता फाइलमधून थेट व्यापाराच्या सॉफ्टवेअरमध्ये उतरवून घेणे, याला काटापट्टी आयात म्हणतात. सोलापूर जिल्ह्यात तूर साधारण डिसेंबर-जानेवारीपासून आणि रब्बी ज्वारी फेब्रुवारीपासून बाजारात येऊ लागते. या दिवसांत अडत दुकान किंवा डाळ मिलकडे एका दिवसात इतक्या गाड्या लागतात की पट्ट्या हाताने भरताना एखादा आकडा चुकतोच. आयातीने हे टंकनाचे दोष जातात. मात्र तिचे स्वतःचे दोष वेगळे आहेत आणि ते सहसा आवाज न करता शिरतात.

गाडीचे वजन दोनदा होते, आधी भरलेले आणि माल उतरल्यावर रिकामे. भरलेली गाडी १८,४६० किलो आणि रिकामी ६,२४० किलो असेल, तर पोत्यांसह मालाचे वजन १२,२२० किलो, म्हणजे १२२.२० क्विंटल. काट्याचा संगणक किलोत बोलतो, तर सौदा आणि भाव क्विंटलमध्ये असतात. शंभराने भागण्याचे काम काट्याकडे की सॉफ्टवेअरकडे, हे आधीच ठरवावे लागते. बारदानाचे, म्हणजे रिकाम्या पोत्यांच्या वजनाचेही तसेच. या गाडीत २४४ पोती असतील आणि पोत्यामागे अर्धा किलो धरला, तर १२२ किलो वजा होतात. काट्यावरच ही वजावट झालेली असताना सॉफ्टवेअरने ती पुन्हा केली, तर शेतकऱ्याचे जवळजवळ सव्वा क्विंटल धान्य कागदावरून नाहीसे होते. पट्टीवर फक्त अंतिम आकडा पाहणाऱ्याला हे कळायला मार्ग नसतो. म्हणून भरलेले वजन, रिकामे वजन, पोती, बारदान आणि निव्वळ वजन हे पाचही रकाने आयात करावेत आणि सॉफ्टवेअरने निव्वळ वजन स्वतः काढून फाइलमधल्या आकड्याशी ताडावे. फरक आला तर ती ओळ घेऊच नये.

फाइल बहुधा सीएसव्ही प्रकारची (स्वल्पविरामांनी रकाने वेगळे केलेली साधी मजकूर फाइल) असते आणि मधल्या मध्ये कोणीतरी ती एक्सेलमध्ये उघडून पाहतो. त्यात ००४५२ हा पट्टी क्रमांक ४५२ होऊन बसतो. तारखेची गडबड याहून वाईट. महिना आधी वाचणाऱ्या संगणकावर ०३/०२ म्हणजे ३ फेब्रुवारीची गाडी २ मार्चला जाते. तेरा तारखेपासून पुढच्या ओळी अडतात म्हणून लक्षात येतात. पहिल्या बारा दिवसांच्या ओळी मात्र मुकाट्याने चुकीच्या महिन्यात जमा होतात. रात्री भरलेली तोललेली गाडी कित्येकदा दुसऱ्या सकाळी रिकामी होते, तेव्हा आवक कोणत्या दिवसाची धरायची, हा निर्णयही माणसानेच घ्यायचा असतो.

नावांचा प्रश्न सोलापुरात विशेष आहे. अक्कलकोट आणि दक्षिण सोलापूर तालुक्यांत मराठीबरोबर कानडीही बोलली जाते. एकाच शेतकऱ्याचे नाव तीन पट्ट्यांवर तीन प्रकारे लिहिलेले सापडते, आणि एकाच गावात एकाच नावाची दोन माणसेही असतात. नावावरून खाते जुळवणारे सॉफ्टवेअर इथे हमखास फसते. खाते क्रमांकच प्रमाण धरावा. युनिकोड ही आजची अक्षरपद्धत येण्याआधीच्या मराठी फॉन्टमध्ये भरलेली जुनी नावे तर आयातीत नुसती अक्षरांची रास होऊन येतात. ती आधी रूपांतरित करून घ्यावी लागतात.

मालाच्या नावांसाठी एक जुळणी तक्ता ठेवतात. एका काट्यावर ‘ज्वारी’, दुसऱ्यावर ‘शाळू’, तिसऱ्यावर ‘मालदांडी’ लिहितात. मालदांडी ३५-१ हे मोहोळच्या कृषी संशोधन केंद्रात स्थानिक ज्वारीतून निवडलेले वाण; मंगळवेढ्याच्या ज्वारीला भौगोलिक मानांकन आहे. भावात फरक पडत असल्याने या सगळ्यांना सरसकट ‘ज्वारी’ करून टाकणे योग्य नाही. तक्त्यात नसलेले नाव आले, तर सॉफ्टवेअरने जवळचे नाव स्वतः निवडू नये, माणसाला विचारावे.

प्रत्येक गाडी एखाद्या सौद्याला जोडावी लागते. दोनशे क्विंटलचा सौदा दोन-तीन खेपांत पुरा होतो आणि शेवटच्या गाडीत थोडा माल जास्त येतो. त्या जास्तीच्या मालाला सौद्याचा भाव द्यायचा की त्या दिवसाचा, हे सौदा करतानाच लिहून ठेवावे. पाठवणाऱ्याचा काटा ग्राह्य की घेणाऱ्याचा, हेही तेव्हाच ठरते. काटा कोणाचाही असो, वैधमापन अधिनियम २००९ नुसार त्याची पडताळणी होऊन शिक्का असणे बंधनकारक आहे.

एकच फाइल चुकून दोनदा उतरली तर गाड्या दुप्पट होतात. काट्याचे नाव, पट्टी क्रमांक आणि गाडी क्रमांक मिळून नोंदीची ओळख ठरवली, की दुसऱ्यांदा आलेली ओळ आपोआप नाकारली जाते. नुसता पट्टी क्रमांक पुरत नाही, कारण नव्या पुस्तकाबरोबर तो पुन्हा एकपासून सुरू होतो.

उतरलेली नोंद आधी कच्च्या यादीत राहते. मुनीम छापील पट्ट्यांशी एकूण पोती आणि एकूण वजन पडताळतो, मगच ती खात्यावर चढते आणि हमाली, तोलाई, अडत यांचा हिशोब लागतो. कच्च्या यादीतली आयात पूर्णपणे मागे घेता येते. पैसे दिल्यानंतर मात्र मूळ नोंद पुसत नाहीत. फरकाची वेगळी नोंद टाकून शेतकऱ्याला दुरुस्त हिशोबपट्टी देतात.