केफ्लाविकचे दोन करार: १९४६ चा आणि १९५१ चा

आइसलँडमधील केफ्लाविक येथे अमेरिकेचा लष्करी तळ १९४६ पासून सलग होता, अशी समजूत आढळते. ती चुकीची आहे. ७ ऑक्टोबर १९४६ चा केफ्लाविक करार आणि ५ मे १९५१ चा संरक्षण करार हे दोन स्वतंत्र दस्तऐवज आहेत. विमानतळ एकच असल्यामुळे त्यांची गल्लत होते. वास्तविक पहिला करार सैन्य परत पाठवण्यासाठी होता आणि दुसरा सैन्य आणण्यासाठी.

जुलै १९४१ पासून आइसलँडच्या संमतीने तेथे अमेरिकी सैन्य येऊ लागले, ते युद्ध संपताच परत जाईल या बोलीवर. १७ जून १९४४ रोजी देश प्रजासत्ताक झाला. या स्वातंत्र्याची हळद ओली असतानाच, ऑक्टोबर १९४५ मध्ये, अमेरिकेने केफ्लाविकसह तीन ठिकाणे ९९ वर्षांच्या भाडेपट्ट्याने मागितली. आइसलँडने नकार दिला आणि वर्षभराने जी तडजोड झाली, ती म्हणजे १९४६ चा करार.

त्यातील कलमे पाहिली की त्याचे स्वरूप स्पष्ट होते. १९४१ ची व्यवस्था संपुष्टात आली, अमेरिकी सैनिकांनी १८० दिवसांत देश सोडायचा होता आणि विमानतळाची मालकी आइसलँडकडे आली. मात्र युद्धानंतर जर्मनीचा ताबा घेऊन असलेल्या आपल्या फौजांसाठी ये-जा करणारी विमाने तेथे उतरवण्याची मुभा अमेरिकेला मिळाली आणि त्यासाठी लागणारे नागरी कर्मचारी ठेवण्याचीही. पाच वर्षांनी फेरविचाराची मागणी, सहा महिन्यांची चर्चा आणि नंतर वर्षाची पूर्वसूचना असा हिशेब धरला, तर साडेसहा वर्षांत करारातून मोकळे होता येत होते. एवढ्या सवलतीवरूनही देश ढवळून निघाला. आल्थिंग या संसदेत तो ३२ विरुद्ध १९ मतांनी संमत झाला खरा, पण समाजवादी पक्ष सरकारमधून बाहेर पडला आणि पंतप्रधान ओलाफुर थोर्स यांचे संयुक्त मंत्रिमंडळ कोसळले.

मधल्या काळात, १९४९ मध्ये, आइसलँड नाटोत सामील झाला. त्या मतदानाच्या दिवशी, ३० मार्चला, संसदेसमोर दगडफेक झाली आणि पोलिसांनी अश्रुधूर सोडला. तरीही शांततेच्या काळात परकी सैन्य ठेवावे लागणार नाही, अशी आइसलँडची भूमिका कायम होती.

जून १९५० मध्ये कोरियात युद्ध पेटले आणि ही भूमिका डळमळली. १९५१ चा करार नाटोच्या चौकटीत झाला. जर्मनीचा संदर्भ मागे पडला आणि खुद्द आइसलँडच्या संरक्षणाची जबाबदारी नाटोच्या वतीने अमेरिकेने घेतली. त्याच करारातील एका कलमाने १९४६ चा करार रद्द झाला व विमानतळावरील नागरी वाहतुकीचा कारभार आइसलँडकडे गेला. लहान देशाची सावधगिरी मात्र मजकुरात जागोजागी दिसते: किती माणसे ठेवायची याला आइसलँड सरकारची मान्यता आवश्यक होती आणि देशाची लोकसंख्या विरळ असून तो शतकानुशतके निःशस्त्र आहे याचे भान अमेरिकेने सतत ठेवावे, असेही नमूद होते.

येथे एक विसंगती नोंदवावीशी वाटते. सैन्य घालवणाऱ्या करारापायी मंत्रिमंडळ गेले. सैन्य आणणारा करार संसदेचे अधिवेशन चालू नसताना, समाजवाद्यांना वगळून इतर पक्षांच्या खासदारांना विश्वासात घेऊन उरकण्यात आला. ७ मे रोजी पहिली तुकडी उतरली. संसदेची मंजुरी डिसेंबरमध्ये मिळाली. हे धोरण म्हणून चतुर असेल, पण त्यामुळेच तळाचा प्रश्न पुढे अनेक निवडणुकांत धुमसत राहिला, असे मला वाटते.

१९५१ च्या करारातही बाहेर पडण्याची वाट होती: नाटो परिषदेकडे फेरविचाराची विनंती, सहा महिने आणि मग वर्षभराची पूर्वसूचना. मार्च १९५६ मध्ये आल्थिंगने सैन्य परत पाठवण्याचा ठराव केला. परंतु त्याच वर्षी हंगेरी आणि सुएझचे पेचप्रसंग उद्भवले आणि तो बारगळला. अखेर सप्टेंबर २००६ मध्ये अमेरिकेने स्वतःच्या निर्णयाने तळ रिकामा केला. तेव्हाही करार मात्र रद्द झाला नाही, तो आजही लागू आहे.