‘डिलिव्हर्ड’ दिसलं म्हणजे विषय संपला?

घरून साड्या, मसाले, दागिने विकणाऱ्यांमध्ये एक समज पक्का बसला आहे: ट्रॅकिंगवर ‘डिलिव्हर्ड’ आलं की ‘पार्सल मिळालं नाही’ ही ग्राहकाची तक्रार खोटीच. हे चूक आहे. ती नोंद एवढंच सांगते की पार्सल दिल्याचं कुरियरवाल्याने नोंदवलं. कोणाच्या हातात दिलं, ते नाही. पार्सल वॉचमनकडे किंवा शेजारी पडलेलं असतं. कधी दिवसाचा कोटा भरायला आधीच स्कॅन मारून ते दुसऱ्या दिवशी आणलं जातं.

म्हणून आधी ग्राहकाला शांतपणे विचारा: घरचे, वॉचमन, शेजारी यांच्याकडे चौकशी झाली का? पत्ता, विंग, फ्लॅट नंबर पडताळून घ्या. त्याच दिवशी कुरियरकडे लेखी तक्रार करून डिलिव्हरीचा पुरावा मागा: घेणाऱ्याचं नाव, सही किंवा फोटो, ओटीपीची नोंद, वेळ. बुकिंगची पावती आणि त्यावरचं वजन जपून ठेवा.

घाईने यूपीआयवरून परस्पर पैसे परत करू नका. ग्राहकाने कार्डाने पैसे भरून ‘माल मिळाला नाही, पैसे परत द्या’ असा बँकेतही दावा लावला असेल, तर तुमचे दुप्पट जातात. परतावा मूळ व्यवहारातूनच करा. आणि बँकेचा दावा आला, तर दिलेल्या मुदतीतच कागद पाठवा. उशीर झाला की खरा पुरावाही कामाचा राहत नाही.

महाग माल असेल तर ओटीपी डिलिव्हरीच घ्या. स्पीड पोस्टमध्ये ही सोय 1 ऑक्टोबर 2025 पासून आहे, दर नगाला 5 रुपये अधिक जीएसटी.